नामपल्लीच्या मरळीस अनावृत पत्र

चि. मरळ हिस,
मु. नुमाईशचं मैदान, नामपल्ली (मुक्काम मृगापुरता)

अनेक आशीर्वाद.

तू बोटभर, म्हणून चिरंजीव लिहिते. मानाने तू मोठीच आहेस. २०१६ पासून तुला तेलंगणाच्या राज्यमाशाचा दर्जा आहे आणि श्वासाच्या बाबतीत तर तुझा हात कुणी धरणार नाही. बाकीचे बहुतेक मासे कल्ल्यांवर भागवतात, तू पाण्यावर तोंड काढून सरळ हवाच घेतेस. म्हणून हा अर्ज तुझ्याकडे.

आमच्या देशावर मृग लागला की लोक आभाळाकडे बघतात. इथे मृगशिरा कार्ते लागली की मैदानात रांग लावून, आ करून तुझी वाट बघतात. बत्तिनी कुटुंबातली माणसं तुझ्या तोंडात औषधाचा पिवळा लगदा भरतात आणि समोरच्या दमेकऱ्याच्या घशात तुला जिवंत उतरवतात. प्रसाद फुकट, शाकाहाऱ्यांना गुळातून. हा प्रघात १८४५ पासूनचा, एका साधूने दिलेला, असं ते घराणं सांगतं. विज्ञानवादी मंडळी वर्षानुवर्षं विचारतात, याने दमा जातो याला पुरावा कुठे आहे? रांग काही हटत नाही.

माझं म्हणणं एवढंच, की तुला पत्ता चुकीचा दिलाय. दमा असतो फुप्फुसांतल्या बारीक नळ्यांत. तू जातेस अन्ननलिकेतून पोटात. श्वासनलिकेच्या तोंडाशी झाकण आहे, ते तुला तिकडे वळू देत नाही. चुकून वळलीसच तर त्या माणसाला दम्याची काळजी करायला वेळच उरणार नाही. पण तुझ्या वाटेवर मऊ टाळू लागते, पडजीभ लागते, जिभेचं मूळ लागतं. बाई गं, घोरण्याचा सगळा कारखाना तिथेच आहे! झोपेत तिथले स्नायू सैलावतात, वाट अरुंद होते आणि हवा घुसताना टाळू फडफडते. रोज नाही तर नाही, वर्षातून एकदा तू ऐन त्या जागेवरून जातेस आणि काही न करता पुढे निघून जातेस. शोभतं का हे?

आमच्या ह्यांचं म्हणशील तर शेजारच्या खाला सकाळी दूध घेताना विचारतात, "भाभी, रातकू बोरवेल चलरा था क्या?" हे शांतपणे पेपर उलगडतात. मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐकवलं तर म्हणाले, "हे दुसऱ्या कुणाचं तरी आहे." सासूबाईंचा उपाय नाकात तुपाचे थेंब, नणंदेचा ओव्याची पुरचुंडी. दोन्हीने घराला वास छान आला.

खरे उपाय कंटाळवाणे आहेत, म्हणून त्यांच्यासाठी रांग लागत नाही. उताणं झोपलं की जीभ मागे पडते, तेव्हा कुशीवर झोपा. मी जुन्या बनियनला पाठीवर खिसा शिवून त्यात टेनिसचा चेंडू घातला. मध्यरात्री ह्यांनी बनियन काढून घडी घालून उशाशी ठेवला. घडी घालून! एरवी टॉवेल कधी दोरीवर जात नाही. शनिवारची "थोडीशी" घशाचे स्नायू आणखी ढिले करते, हे सांगितलं तर म्हणाले, थोडीशीने काय होतंय. शर्टाची कॉलर १७ इंचांच्या पुढे गेली की डॉक्टर मानेकडे संशयाने बघतात. आम्ही दर्जी बदलला.

ऑस्ट्रेलियाच्या आदिवासींचं डिजेरिडू नावाचं लांबलचक वाद्य चार महिने फुंकलं तर घोरणं आणि दिवसाची पेंग कमी होते, असा प्रयोग २००६ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. त्याला २०१७ मध्ये इग्नोबेल मिळालं, तेही शांततेचं. खाला हे वाद्य बिल्डिंगमध्ये येऊ देतील असं वाटत नाही.

पण आवाजाची मला सवय झालीय गं. भीती वाटते ती तो एकाएकी थांबतो तेव्हा. छाती हलत असते, हवा जात नसते. मी कोपरावर उठून मोजत बसते, मग हे दचकून घुसमटल्यासारखा मोठा श्वास घेतात आणि पुन्हा सुरू. दहा सेकंद किंवा जास्त श्वास अडण्याचे असे प्रकार तासाला पाचच्या वर गेले तर तो आजार धरतात, तीसच्या वर गेले तर गंभीर. रक्तदाब चढतो, माणूस दिवसा गाडी चालवताना डुलक्या घेतो. रात्रभर तारा लावून झोपेची तपासणी होते. नाकावर मुखवटा लावून हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणारं यंत्र सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये जगापुढे आणलं. ते लावून जगभर माणसं गपगार झोपतात. आमचे हे म्हणतात, "तोंडावर नळी लावून झोपायला मी काय पेशंट आहे?" तपासणीचं विचारलं की "मृग होऊन जाऊ दे."

म्हणून विनवते. यंदा हे रांगेत आले, तर पडजिभेपाशी एक क्षण थांब आणि "कुशीवर वळा, तपासणी करा" एवढं कानात सांग. बायकोचं ऐकत नाहीत, गिळलेल्याचं तरी ऐकतील.

तुझी,
भिंतीकडच्या बाजूला झोपणारी एक नामपल्लीकर

ता. क. – तुला हातात घेतल्यावर ह्यांना शाकाहार आठवण्याचा दाट संभव आहे. तेव्हा या पत्राची एक प्रत गुळालाही दे.