कलम ५२ साहेबांस, गंगाखेडहून

मा. कलम ५२ साहेब,
मु. पो. मोटार वाहन कायदा, १९८८

स. न. वि. वि.

आपली-आमची ओळख रस्त्यातलीच. पंढरपूरच्या वाटेवर एका नाक्यावर हवालदार साहेबांनी हात केला, गाडीला एक प्रदक्षिणा घातली आणि विचारलं, "कोन्त्या कंपनीची है?"

"आपलीच," मिस्त्री म्हणाला.

"आपलीच म्हंजी?"

"म्हंजी शेडातली."

तेव्हा हवालदारांनी आपलं नाव घेतलं. "बावन्न लागतंय तुमाला." मग मोबाइल मिस्त्रीच्या हातात देऊन ते स्टिअरिंगवर बसले आणि फोटो काढून घेतला. आपल्या नावाचा असा दरारा पाहून पत्र लिहायचं त्याच क्षणी ठरवलं.

गाडीची माहिती आधी देतो, म्हणजे नंतर लपवाछपवी नको. चेसिस जुन्या जीपची. आरसी पुस्तकात ती अजून डिझेल जीपच आहे. पुस्तकाला कोणी कळवलेलं नाही. इंजिन भंगारात निघालेल्या मारुती व्हॅनचं, तीन सिलिंडर, ७९६ सीसी, पेट्रोलवर. टाकी राजदूतची, हेडलाइट बुलेटचे, बसायला रिक्षाचं मागचं सीट. बॉनेट नाही, कारण बॉनेट घातलं तर इंजिन लोकांना दिसणार कसं? प्रॉपेलर शाफ्ट लांबीत बसेना, म्हणून कापून मधे तुकडा जोडला. त्याचं बॅलन्सिंग गावात होत नाही. त्यामुळे काटा चाळिसाच्या पुढे गेला की पायाखालचा पत्रा थरथरतो आणि आम्ही आपोआप पाय काढतो. वेगमर्यादा पाळण्याची याहून पक्की सोय तुमच्याही पुस्तकात नसेल.

आता हिशेब. २०१९ च्या दुरुस्तीनं आपल्या मदतीला कलम १८२-अ नव्या रूपात आलं. परवानगीशिवाय बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. 'दर बदलामागे' हे शब्द ऐकून मिस्त्री खडू घेऊन गाडीभोवती फिरला आणि जिथं बदल तिथं रेघ मारत गेला. त्रेचाळीस भरले. म्हणजे दोन लाख पंधरा हजार. गाडी उभी राहिली पंच्याऐंशी हजारांत. एवढी किंमत आमच्या गाडीची आजवर कोणीच केली नव्हती, त्याबद्दल आभार.

बदल केल्यावर १४ दिवसांच्या आत कळवावं, असंही आपण म्हणता. अडचण एवढीच, की गाडी अडीच वर्षं बनत होती आणि त्या अडीच वर्षांत बदल नाही असे सलग १४ दिवस कधी आलेच नाहीत.

अमेरिकेत या प्रकाराला 'हॉट रॉड' म्हणतात. १९३० च्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियातली पोरं जुन्या फोर्डचे मडगार्ड, बॉनेट काढून टाकायची, इंजिन पिळून काढायची आणि कोरड्या पडलेल्या तळ्यांच्या सपाटीवर पळवायची. १९३२ चं फोर्डचं व्ही-आठ इंजिन तर त्यांचं दैवतच. आमच्याकडं कोरडी तळी उन्हाळ्यात मुबलक. पण देव पंढरपुरात, म्हणून गाडी तिकडं काढली. जनाबाई आमच्याच गावच्या, त्यामुळे वाट तशी ओळखीची.

गंगाखेड, परळी, अंबाजोगाई, केज, कळंब, येरमाळा, बार्शी, कुर्डुवाडी, पंढरपूर. दोन दिवस. परळीपर्यंत मजेत. पुढं बालाघाटाच्या चढणीला रेडिएटर उकळला आणि एक सिलिंडर गप्प झाला. मिस्त्रीनं लांब पेचकस इंजिनवर टेकवला, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. जनाबाईच्या गोवऱ्यांची गोष्ट आपल्याला ठाऊक असेल. शेजारणीशी भांडण लागलं तेव्हा, कानाला लावून जिच्यातून 'विठ्ठल' ऐकू येईल ती माझी, असं त्या म्हणाल्या म्हणतात. मिस्त्रीनं तसाच एकेक सिलिंडर ऐकला. "तिसरा बोलंना." प्लग काढला, तर काजळीनं माखलेला. शर्टाच्या टोकानं पुसला, पॉलिश पेपर मारला, लावला. तिसरा बोलू लागला.

येरमाळा सोडून बार्शीकडं उतरताना मात्र आपली आठवण मनापासून आली. ब्रेक पहिल्यांदा दाबला तेव्हा लागला, दुसऱ्यांदा विचार करून लागला. दुसऱ्या गियरमध्ये घालून, देवाचं नाव घेत खाली आलो. त्या उताराला आपण म्हणाल ते मला मान्य होतं. कोणीतरी ही गाडी तपासायला हवी होती, हे खरंच.

पण तपासणार कोण? नियम १२६ सांगतो, नमुना गाडी पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेत नेऊन चाचणी करा. तो सगळा थाट हजारो गाड्या काढणाऱ्या कंपनीसाठी. एकच गाडी बनवली, दुसरी बनवायची ताकदही नाही, अशा माणसानं जावं कुठं? ब्रिटनमध्ये घरी बनवलेली एकच गाडी तपासून तिला रस्त्यावर सोडायची रीतसर सोय आहे. त्याच देशातला एव्हरार्ड कॅलथ्रॉप इथं आला, त्यानं अडीच फुटी रूळ टाकले आणि १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वे धावली. माप मोठ्या लाइनीशी जुळत नाही म्हणून त्याच्या इंजिनाला नाक्यावर कोणी अडवलं नाही. बार्शीत चहा पिताना मिस्त्रीला हे सांगितलं, तर तो म्हणाला, "त्याच्या गाडीला बॉनेट व्हतं का?"

आमच्यासारख्यांना दुसरी एक वाट उरते. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या, म्हणजे यशवंतराव चव्हाणांच्या जन्मगावच्या, दत्तात्रय लोहारांनी मुलाच्या हौसेखातर भंगारातून चारचाकी बनवली, फटफटीसारखी किक मारून चालू होणारी. खर्च साठ हजारांच्या आसपास. आनंद महिंद्रांनी तिचा व्हिडिओ पाहिला. ही नियमात बसत नाही, आज ना उद्या अडवतील, असं लिहून त्यांनी बदल्यात बोलेरो देऊ केली, आणि जानेवारी २०२२ मध्ये दिलीही. तेव्हापासून आमच्या शेडात रोज चर्चा आहे: आपल्याला आधी कोण गाठणार, बोलेरो की बावन्न? मिस्त्रीच्या मते बावन्न. बोलेरोवाल्यांना गंगाखेडचा रस्ता झेपायचा नाही.

तरी विनंती एवढीच, की कंपनी नसलेल्या माणसासाठी एखादा साधा फॉर्म काढावा. फी घ्या, ब्रेक चार वेळा दाबून बघा, नापास करा. पण नापास करायला तरी खिडकी उघडा. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं, की कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाला सोडून बदल चालणार नाही. आमचं म्हणणं त्याच्या आड येत नाही. आमच्या गाडीचा मूळ तपशील लिहून देणारी कंपनी शेडाच्या दारात, उलट्या टोपल्यावर बसून तंबाखू मळते आहे. सही-शिक्का केव्हाही मिळेल.

कळावे, लोभ असावा.

आपला,
त्रेचाळीस बदलांचा मालक,
गंगाखेड, जि. परभणी

ता. क. पत्र पाकिटात घालेपर्यंत मिस्त्रीनं ब्रेकचा मास्टर सिलिंडर बदलला. आता चव्वेचाळीस. १४ दिवस आजपासून धरावेत.