तेल गेलं, शॉकही गेले

जुनी स्पोर्ट्‌स कार घेतली की घरचे आधी विचारतात, "मागे कोण बसणार?" मागे सीटच नाही म्हटल्यावर ते विचारायचं थांबतात आणि आपल्याविषयी आपसात बोलायला लागतात.

माझी गाडी 1994 ची माझदा मियाटा. लाल रंग, कापडी छत, दोन माणसं, आणि डिकीत बॅटरी बसवून उरेल तेवढं सामान. आम्ही मिशिगनला, डेट्रॉइटच्या उपनगरात राहतो. बाबा सांगलीहून यायच्या आधी फोनवर त्यांनी "माझदा घेतली" एवढंच ऐकलं होतं. त्यांच्या पिढीला माझदा म्हटलं की स्वराज माझदाच आठवतो, म्हणजे टेम्पो नाहीतर शाळेची बस. विमानतळावरून आल्या आल्या त्यांनी गॅरेजमध्ये डोकावलं आणि म्हणाले, "एवढीच? मला वाटलं, सगळं महाराष्ट्र मंडळ एका खेपेत नेशील."

बाबा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. मी इथल्या एका मोटार कंपनीत आहे, पण सीटच्या विभागात. म्हणजे गाडीच्या धक्क्यांशी माझा संबंध येतो तो ते गिऱ्हाइकाच्या बुडापर्यंत पोचल्यावर. बाबांनी चहाचा कप बॉनेटवर ठेवला (बायकोने तो तत्काळ उचलला), मडगार्डच्या कोपऱ्यावर दोन्ही हातांनी भार दिला आणि सोडला. चेतक स्कूटर घेताना ते हेच करायचे. गाडी वर आली, खाली गेली, परत वर आली, परत खाली. चांगली गाडी एकदा वर येते आणि गप्प बसते. ही कीर्तनाला लागली.

"शॉक गेलेत रे चारही," बाबा म्हणाले.

स्प्रिंग गाडीचं वजन पेलते, पण तिला आवर घालणारं कुणी नसेल तर ती एका खड्ड्याचा आनंद पुढचे पन्नास फूट साजरा करते. शॉकमधला दांडा तेलातून वर-खाली होतो, ते तेल बारीक झडपांतून जाताना अडतं, आणि उड्या मारायची सगळी हौस उष्णतेत जिरते. सील गळलं की तेल जातं. आमचं तेल तर केव्हाच गेलं होतं. हाती धुपाटणं तेवढं राहिलं होतं, तेही गंजलेलं.

गंजाला कारण मीठ. इथे हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ ओततात आणि त्यासाठी लांब जावं लागत नाही. खुद्द डेट्रॉइटच्या पोटात हजार फुटांहून खोल मिठाची खाण आहे. म्हणजे शहर स्वतःचंच मीठ खातं आणि आमच्या गाड्या त्याला जागतात. खड्ड्यांचं कारणही थंडीच. फटींत पाणी शिरतं, गोठलं की सुमारे 9 टक्के फुगतं, आणि डांबर उचकटतं. अमेरिकेतल्या हमरस्त्याचा पहिला काँक्रीटचा मैल 1909 मध्ये याच शहरात वुडवर्ड अव्हेन्यूवर झाला असं अभिमानाने सांगतात. मार्च महिन्यात त्यावरून गाडी चालवली की वाटतं, शेवटचाही तोच असावा.

आणि गाडी अशी की या सगळ्याची तिला फार जाणीव. 1989 च्या फेब्रुवारीत शिकागोच्या प्रदर्शनात मियाटा पहिल्यांदा दिसली, तेव्हा तिचं वजन टनाच्या आत होतं आणि चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन होतं, म्हणजे प्रत्येक चाक वरून आणि खालून धरणारे दोन हात.  प्रमुख अभियंता तोशिहिको हिराई यांच्या चमूने मंत्र घेतला होता 'जिनबा इत्ताई', घोडा आणि स्वार एकजीव. आमच्याकडे तीस वर्षांनी घोडा डावीकडे आणि स्वार उजवीकडे अशी स्थिती होती.

आता नवीन काय बसवायचं, यावर जगात दोन पंथ आहेत. एक जर्मन बिलस्टाइनचा. यांचे गॅस भरलेले शॉक 1957 मध्ये मर्सिडीजला लागले, तेव्हापासून भक्तांचं डोकं ताठ आहे. दुसरा डच कोनीचा. ही मंडळी 1857 मध्ये घोड्यांची जीनं आणि सामान बनवण्यापासून सुरू झाली. घोड्याचं दुखणं घोड्याच्या सामानवाल्याकडेच न्यावं म्हणून मी कोनी मागवले. पिवळेधमक, चारांचे आठशे-हजार डॉलर. बाबांनी मनातल्या मनात रुपयांत गुणाकार केला आणि रात्री जेवताना फक्त ताकच प्यायले.

आणखी एक तिसरा पंथ आहे, तो गाडी खाली बसवणाऱ्यांचा. आमच्या मंडळातल्या एका तरुणाकडे अशीच मियाटा आहे. त्याने उंची कमी-जास्त करता येणारे कॉइलओव्हर लावून ती इतकी खाली आणली की टायर आणि मडगार्ड यांच्यात बोट जात नाही. गणपतीला आम्ही एका शाळेचं सभागृह भाड्याने घेतो, तिथे वाहनतळाच्या तोंडाशी एक गतिरोधक आहे. त्याच्यापाशी हा थांबतो, बायको मोदकांचं पातेलं घेऊन खाली उतरते, गाडी हलकी होते, आणि मग तो तिरका तिरका, एकेक चाक करत ओलांडतो. कडक म्हणजे स्पोर्टी, असं त्याचं म्हणणं. बाबांनी हे सगळं पाहून विचारलं, "पोटच टेकायचं, तर रांगत का नाही येत हा?"

बाबांचं बरोबर आहे. या गाडीत चाकाला वर यायला मुळातच जागा थोडी. दोन इंच खाली आणली की ती जागा धक्का बसायच्या आधीच खर्च होते, मग गाडी स्प्रिंगवर न चालता बंप स्टॉपवर चालते. बंप स्टॉप म्हणजे शॉकच्या दांड्यावर बसवलेला फोमचा ठोकळा, शेवटच्या क्षणी मार झेलणारा. आमचे जुने बाहेर काढले तर शिळ्या बेसनलाडवासारखे बोटांत भुगा झाले. चारपैकी दोन जागेवर नव्हतेच. तिथे फक्त पिवळट भुकटी आणि एका कोळ्याचा संसार. नवे घातले, आणि वरचे माउंट 1998 मध्ये आलेल्या पुढच्या पिढीच्या मियाटाचे बसवले. त्यात चाकाला थोडी जास्त उसंत मिळते. हजार डॉलरांच्या शॉकइतकाच फरक या किरकोळ सामानाने पडतो, पण ते पिवळं नसतं आणि बाहेरून दिसत नाही, म्हणून त्याचे फोटो कुणी काढत नाही.

काम चालू झालं ते पलीकडच्या घरातल्या म्हातारबुवांच्या देखरेखीखाली. त्यांची हयात मोटारीच्या कारखान्यात गेलेली. गाडी घोडीवर चढवली, चाकं काढली. वरच्या विशबोनचा लांबलचक बोल्ट तीस हिवाळ्यांच्या मिठाने सांध्यातल्या रबरी बुशच्या नळीत जाम बसलेला. बाबा म्हणाले, "रॉकेल घाल." म्हातारबुवा म्हणाले, "आग लावा." सुदैवाने दोघांना एकमेकांची भाषा कळत नव्हती, नाहीतर दोन्ही एकदम झालं असतं. अखेर आधी ज्योत, मग गार झाल्यावर फवाऱ्याचं तेल, आणि पान्याला चार फुटी पाइप. बोल्ट सुटला तेव्हा आवाज असा झाला की बायको वरून धावत आली. तिला वाटलं, आमच्यापैकी कुणाचं तरी हाड मोडलं.

स्प्रिंग शिकंज्यात दाबून धरताना मात्र दोघेही गप्प होते. दाबलेली स्प्रिंग निसटली तर विनोदाला वाव राहत नाही.

कोनीच्या डोक्यावर एक घुंडी असते. ती फिरवून शॉक मऊ किंवा कडक करता येतो. पुरुषाच्या हाती फिरवता येण्याजोगी घुंडी देणं हा कंपनीचा निष्काळजीपणाच. मी रोज संध्याकाळी पाव फेरा कडक, पाव फेरा मऊ असा उद्योग करून चक्कर मारून यायचो. बायको विचारायची, "काय फरक पडला?" मी म्हणायचो, "मागचं टोक जरा विनम्र झालंय." ती म्हणायची, "पुढचंही होऊ दे."

फरक खरोखर पडला. खड्डा पूर्वी पाठीच्या कण्यापर्यंत पोचायचा, आता टायरपाशी निकाल लागतो. वळणावर स्टिअरिंग वळवलं की गाडी विचार करत नाही, वळते. बाबांनी जायच्या आधी कोपरा पुन्हा दाबून पाहिला. गाडी एकदा वर आली आणि गप्प बसली. "शाणी झाली," ते म्हणाले.

जाता जाता तुम्हालाही सांगून ठेवतो. तुमची गाडी मियाटा असो की आजोबांची फियाट, उंचीला हात लावू नका; पैसे शॉक, बुश आणि बंप स्टॉपवर घाला. आणि विशबोनच्या रबरी बुशचे बोल्ट गाडी हवेत असताना आवळू नका, नाहीतर रबर कायमचं पिळलेलं राहून लवकर फाटतं. आधी चाकं जमिनीला टेकवा, गाडीचं वजन येऊ द्या आणि मगच आवळा. मी हवेतच पाना लावला तेव्हा बाबा मराठीतून आणि म्हातारबुवा इंग्रजीतून एकाच वेळी ओरडले होते, आणि दोघांचंही म्हणणं हेच होतं.