मायेचे ओरखडे

गाडीचा रंग कोण खराब करतं, या प्रश्नाला आमच्या सोसायटीत ठरलेली उत्तरं आहेत. कबुतरं, क्रिकेट खेळणारी पोरं, शेजारच्या प्लॉटवरचं बांधकाम आणि बी विंगमधले ते गृहस्थ, जे गाडीचं दार आधी उघडतात आणि अंदाज मग घेतात. प्रत्येक उत्तरात थोडंफार तथ्य आहे. पण डिटेलिंगच्या, म्हणजे गाड्यांना चकाकी आणून देण्याच्या, धंद्यातल्या माणसाला विचारा, तो आधी मालकाकडे बघतो. रंगावरचे बहुतेक बारीक चरे पडतात ते गाडी धुताना आणि पुसताना. म्हणजे ज्याची गाडीवर माया जास्त, त्याच्या गाडीवर चरेही जास्त. वर्षभर कोपऱ्यात धूळ खात पडलेली गाडी दिसायला भिकार दिसते, पण कोणी हात न लावल्यामुळे खालचा रंग पुष्कळदा शाबूत असतो. गुणी माणसाने निराश व्हावं अशीच ही माहिती आहे.

आजच्या गाडीला रंगाच्या वर एक पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट. त्याची जाडी साधारण 40 ते 50 मायक्रॉन. माणसाचा केस सरासरी 70 मायक्रॉन जाड असतो. तेव्हा शोरूममध्ये आपण ज्या चकाकीवर भाळतो, तिचा सगळा संसार केसाहून पातळ जागेत मांडलेला असतो. आणि या थराशी झुंजायला आमच्या पुण्यात कोण येतं? क्रश सँड. नदीची वाळू दुर्मीळ झाल्यापासून बांधकामाला दगड फोडून केलेली वाळू वापरतात, आणि दगड म्हणजे आपला काळा बसाल्ट. सह्याद्री ज्यातून घडला तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्यातली खनिजं साध्या चाकूच्या पात्याशी बरोबरी करणारी, काही त्याहून कठीण. शेजारी बारा मजली इमारत उठत असते, वारा सुटतो आणि हा सह्याद्री कणाकणाने आपल्या बॉनेटवर येऊन बसतो. मग रविवारी सकाळी आपण चहा घेऊन खाली उतरतो, एक प्रेमळ नजर टाकतो आणि जुन्या बनियनने तो गोल गोल घासायला लागतो.

बनियनचं एक वेगळं प्रकरण आहे. मराठी घरात बनियन निवृत्त होत नाही, तिची फक्त बदली होते. अंगावरून ती गाडीकडे जाते, तिथून सायकलकडे आणि शेवटी मोरीच्या नळाला. आमच्या वडिलांच्या फियाटचा सगळा भार बनियनवरच होता. ते पॉलिशची डबी उघडत, बॉनेटवर जोर लावून घासत आणि फडक्याला लागलेला निळसर डाग शेजाऱ्यांना दाखवून म्हणत, “बघा, किती मळ निघाला!” तो मळ नव्हता, फियाटच होती. त्या काळी वर पारदर्शक थर नसे, पॉलिश केलं की प्रत्यक्ष रंगच थोडा थोडा फडक्यावर येई. पण शेजारी मान डोलवत आणि वडील समाधानाने आणखी एक हात मारत. त्या गाडीने कधी तक्रार केली नाही. तिला तक्रार करायला बाकीचे भाग भरपूर होते.

आता बनियनच्या जागी मायक्रोफायबर आलं आहे, पण पार्किंगमधला कारभार फारसा बदललेला नाही. पहाटे गाड्या पुसायला एक जण येतो. एक बादली, एक फडकं, तीसेक गाड्या. पहिल्या गाडीला पाणी मिळतं, शेवटच्या गाडीला बाकीच्या एकोणतीस गाड्यांची धूळ. एकदा सोसायटीच्या बैठकीत एका तरुण सभासदाने त्याला दोन बादल्यांची पद्धत समजावून सांगितली. एका बादलीत शाम्पू, दुसरीत नुसतं पाणी. फडकं आधी साध्या पाण्यात खळबळायचं, माती तिथे सोडायची आणि मगच शाम्पूत बुडवायचं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “साहेब, नळ एकच आहे आणि तोही त्या टोकाला. असं करत बसलो तर तुमची गाडी तुम्ही हापिसातून आल्यावर पुसावी लागेल.” ठराव बारगळला. मला विचाराल तर बरोबर तोच होता. महिन्याला काही शे रुपये मोजायचे आणि रोज पहाटे प्रयोगशाळेची शिस्त मागायची, हे काही खरं नव्हे.

पद्धत मात्र खरी आहे आणि ज्याच्याकडे रविवार मोकळा आहे त्याने ती पाळायला हरकत नाही. गाडी सावलीत आणि थंड हवी. आधी नुसत्या पाण्याने सुटी धूळ वाहून जाऊ द्यायची, तोवर हात खिशात. मग टपापासून खाली यायचं, कारण सगळ्यात जास्त खडे खाली, दारांच्या कडेला आणि चाकांपाशी असतात. चाकांचं फडकं वेगळं. हात सरळ रेषेत, गोल नाही. फडकं जमिनीवर पडलं की ते त्या दिवसापुरतं बाद. भांड्यांचा साबण घालायचा नाही, तो तेलकटपणाबरोबर वरचं मेणही काढून नेतो. आणि मेण म्हणजे काही लहान गोष्ट नाही. उत्तम मेण ब्राझीलमधल्या कारनौबा नावाच्या ताडाच्या पानांवरून येतं आणि हेच मेण पोरांच्या रंगीत चॉकलेटच्या गोळ्यांनाही चकाकी देतं. गाडीला मेण लावणाऱ्या माणसाच्या आसपास पोरं घुटमळतात ती यामुळे नसावीत, पण योगायोग गोड आहे.

धुऊन झाल्यावर एक गंमत करून पाहा. पातळ प्लॅस्टिकची पिशवी हातात घाला आणि स्वच्छ, ओल्या बॉनेटवरून हलकेच बोटं फिरवा. नुसत्या बोटांना जे कळत नव्हतं ते पिशवीतून कळतं: बारीक खरखर. ब्रेकच्या लोखंडाचे कण, उडालेल्या पेंटचे थेंब, डांबर, सगळं रंगात रुतून बसलेलं असतं. ते काढायला क्लेची वडी मिळते. पाणी शिंपडून ती अलगद फिरवली की खरखर जाते आणि वडी काळी पडते. हा खेळ एकदा कळला की माणूस शेजाऱ्यांच्या गाड्यांनाही पिशवी लावून बघतो आणि ओळखी तुटतात.

झाडाखाली गाडी लावावी की उन्हात, यावर मात्र एकमत होणं नाही. उन्हात लावली तर पाण्याचे थेंब जागच्या जागी वाळतात आणि बोअरच्या पाण्यातला चुना पांढरे गोल ठिपके मागे ठेवून जातो. सावलीत लावावी तर सावली देणाऱ्याचे स्वतःचे उद्योग असतात. आमच्याकडे आंबा आहे. माघात मोहोर आला की त्यावर तुडतुडे येतात, मोहोराचा रस पितात आणि खाली चिकट थेंबांचा शिडकावा करतात. आठवड्याभरात गाडीवर असा चिकटा बसतो की धूळ आपणहून राहायला येते. फांदीवर कबुतरं असतातच. त्यांची विष्ठा आम्लधर्मी असते आणि उन्हात तापलेल्या रंगात हळूहळू खड्डा पाडते, म्हणून ती लगेच काढायला हवी. पण खरडायची नाही. ओलं फडकं पाच-दहा मिनिटं वर ठेवून द्यायचं. आमच्या वॉचमननी एकदा विचारलं, “साहेब, गाडीला ताप आलाय का?”

पाण्याचा प्रश्न आला की मात्र हसू आवरतं घ्यावं लागतं. पाइप दहा मिनिटं सोडला की शंभर लिटर सहज जातात. 2016च्या दुष्काळात, एप्रिलमध्ये, मिरजेहून लातूरला पाणी घेऊन जी पहिली आगगाडी गेली, तिच्यात सुमारे पाच लाख लिटर पाणी होतं, आणि ते एका शहराच्या घशासाठी होतं. त्या उन्हाळ्यानंतर पाइप सोडून मोबाइलवर बोलत उभा राहिलेला माणूस मला बघवत नाही. दोन बादल्यांत गाडी नीट धुऊन होते, आणि दोन बादल्या रंगालाही मानवतात.

मायेचा कहर होतो तो दसऱ्याला. आदल्या दिवशी गाडी लख्ख होते आणि दुसऱ्या दिवशी तिच्यावर सगळं घर तुटून पडतं. बॉनेटवर ओल्या कुंकवाचा स्वस्तिक, हळदीची बोटं, अक्षता, चाकांखाली लिंबं आणि पुढे झेंडूचा हार. हार देखणा दिसतो, पण दोऱ्याच्या गाठीसकट तो हायवेवर ताशी ऐंशीच्या वेगात बंपरवर आपटत राहतो. हार काढा म्हणावं तर अपशकुन, ठेवावा तर चरे. मधला मार्ग आमच्या मातोश्रींनी काढला: “एक फेरी मारून या, मग काढा. देवाला किलोमीटर मोजायचे नसतात.”

इतकं करूनही चरे पडायचे ते पडतात. डिटेलिंगवाला उन्हात किंवा टॉर्च मारून दाखवतो: काळ्या गाडीवर दिव्याभोवती कोळ्याचं जाळं विणल्यासारख्या रेघा उमटतात. मशीन लावून हे चरे घालवता येतात, पण कसे? चरा कोणी भरत नाही. त्याच्या भोवतालचा थर घासून चऱ्याच्या तळापर्यंत खाली आणतात. थर तेवढाच, केसाहून पातळ. हौशी मालक वर्षातून दोनदा मशीन लावू लागला तर एक दिवस क्लिअर कोटची उधारी संपते. म्हणून चांगला कारागीर आधी जाडी मोजायचं यंत्र लावतो आणि पुष्कळदा म्हणतो, “राहू द्या, एवढं कोण बघतंय?” धंद्यातल्या माणसाने काम नको म्हणणं दुर्मीळ, ते लगेच ऐकावं.

घरात या सगळ्याचा जाच होतो तो फडक्यांवरून. मायक्रोफायबर सुती कपड्यांबरोबर धुवायचं नाही, कारण त्याला सुताचे तंतू चिकटतात. कपडे मऊ करणारं द्रव्य त्याला चालत नाही. ते वेगळं, कमी तापमानाला धुवायचं. हे मी घरी समजावून सांगितल्यावर बायको म्हणाली, “माझ्या रेशमी साड्यांबद्दल इतकं कधी बोलला नाहीस.” यावर उत्तर नसतं. तेव्हापासून फडक्यांची धुलाई माझ्याकडे आहे, आणि निळ्या फडक्यांपैकी एक नेहमी कमी भरतं. परवा ते ओट्यावर सापडलं. काचेची शेगडी त्याने पुसली जात होती, ओली, सरळ रेषेत, वरून खाली. मी मोबाइलचा टॉर्च लावून शेगडीवर धरला. एकही रेघ नव्हती.

“आता शेगडीवर टॉर्च कशाला?” बायकोने विचारलं. “आणि तसं दुसरं एक आण. हे माझं.”