फुलचूरला येता का जी?

गोंदियाचा ऑटोवाला सवारीला तोंडावर ‘नाही’ म्हणत नाही. तेवढा रोखठोकपणा इकडच्या पाण्यात नाही. ती कला पुण्याची. इथे तुम्ही विचारता, ‘‘फुलचूर?’’ तो आधी तुमच्या पिशव्यांकडे बघतो, मग मागे उभ्या असलेल्या तुमच्या बायकोकडे, मग आभाळाकडे, आणि असा आकडा सांगतो की तुम्हीच नाही म्हणता. नकार तुमचा, तो मोकळा.

दुसरा प्रकार परोपकारी. ‘‘तो जाईल ना जी, त्याले विचारा,’’ म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवतो, तो मागच्या सीटवर आडवा होऊन, पाय बाहेर काढून घोरत असतो. तिसरा कायम जेवायला निघालेला. सकाळी नऊला विचारा, दुपारी चारला विचारा, रात्री अकराला विचारा, ‘‘जेवाले जाऊन राहिलो जी.’’ एवढं जेवूनही तो किडकिडीत कसा, हे मला कळलेलं नाही. चौथा सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटणारा. तुम्ही विचारायला आणि त्याने खर्रा तोंडात टाकायला एकच गाठ पडते. तोंड भरल्यावर माणूस होही म्हणू शकत नाही आणि नाहीही. मग मानेचं जे काही होतं त्याचा अर्थ आपापल्या नशिबाप्रमाणे लावायचा. आणि पाऊस लागला की पाचवा प्रकार: ऑटो उभा आहे, मालक रोवणीला गेला आहे. धानाच्या मुलखात याला कोणी नकार म्हणत नाही. याला शेती म्हणतात.

खरी गंमत रेल्वेची आहे. कोल्हापूरहून निघणारी महाराष्ट्र एक्सप्रेस राज्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत येते आणि गोंदियाला संपते. वाटेत सांगली, सातारा, पुणे, नगर, मनमाड, भुसावळ, अकोला, नागपूर. हजाराहून जास्त किलोमीटर रेल्वे तुम्हाला निमूट आणते. एकदाही विचारत नाही की तिकडून रिकामं परतावं लागलं तर काय. मुंबईची विदर्भ एक्सप्रेसही तशीच. अवघा महाराष्ट्र पालथा घालून माणूस गोंदियाच्या फलाटावर उतरतो, आणि प्रवास अडतो तो फुलचूरपर्यंतच्या शेवटच्या तीन-चार किलोमीटरला.

आता कायदा काय म्हणतो ते बघू, कारण अडलेल्या सवारीला कायदा फार आठवतो. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम १७८. नियम मोडून सवारी नाकारणाऱ्या चालकाला किंवा परवानाधारकाला दंड आहे. टॅक्सीला तो २०० रुपयांपर्यंत होता आणि ऑटोला, म्हणजे तीन चाकांना, ५० रुपयांपर्यंत. २०१९ साली संसदेने या कायद्याची मोठी डागडुजी केली. दारू पिऊन गाडी चालवण्याचा दंड २ हजारांवरून १० हजारांवर गेला, बिनहेल्मेटचा १०० वरून १ हजारावर. टॅक्सीवाल्याच्या नकाराचेही २०० चे ५०० झाले. ऑटोवाल्याच्या नकाराचे मात्र ५० चे ५०च राहिले. १९८८ साली ५० रुपयांत जे काय येत होतं त्यातलं आज काहीही येत नाही, अपवाद फक्त या एका गुन्ह्याचा. त्यातही ५० ही वरची मर्यादा आहे. साहेबांना दया आली तर कमीही होईल. आणि तक्रार करायची तर आरटीओत जायला हवं. तिथे जायला ऑटो हवा. तो येईल का, हा प्रश्न पुन्हा आहेच.

हे कलम मी एकदा स्टँडवर सांगून पाहिलं. तिथल्या सगळ्यांत जुन्या ऑटोवाल्याने खर्रा थुंकून शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘‘गुरुजी, कायदा बरोबर हाय. पण वापस येतानी कायदा माह्या ऑटोत बसत नाही ना.’’

त्याचं म्हणणं सगळं या ‘वापसी’त आहे. दिवसा बाजारातून फुलचूरला सवारी नेली तर येताना दुसरी मिळते. रात्री मिळत नाही. सवारी एका बाजूचे पैसे देते, गाडी दोन्ही बाजूंचं इंधन पिते. सालेकशाकडे गेलं तर पुढे जंगल आणि त्यापुढे छत्तीसगड. बालाघाटच्या रस्त्याला लागलं तर मध्य प्रदेश. पलीकडे राज्य बदलतं आणि राज्याबरोबर परवानाही. आपण मात्र ‘‘पुढेच तर आहे, जरा टाकून दे ना भाऊ,’’ असं म्हणतो, जसं काही राज्याची सीमा म्हणजे शेजाऱ्याचं कुंपण. शिवाय सवारी म्हणजे नुसता माणूस नसतो. लग्नसराईत माणसामागे लोखंडी आलमारी येते. बाजाराच्या दिवशी कोंबड्या येतात. कचारगडच्या जत्रेला माघ पौर्णिमेच्या सुमारास आख्खं घर येतं, चुलीच्या लाकडांसह. ‘‘तीनच सवारी आहोत जी,’’ असं सांगून आठ जण चढतात आणि वर म्हणतात, पोरं मोजायची नसतात.

हे सगळं ऐकून घेताना मला काळी-पिवळी जीपवाल्यांचा हेवा वाटला. तालुक्यांना जाणाऱ्या या जीपवाल्याने आजवर कोणाला नाकारल्याचं ऐकिवात नाही. नऊ बसल्यावर दहावा आला तरी ‘‘सरका जी, सरका,’’ पंधरावा आला तरी ‘‘लहान आहे, मावते.’’ तो माणसाला नाकारत नाही, वेळेला नाकारतो. गाडी भरल्याशिवाय हलायचं नाही हे त्याचं एकमेव तत्त्व. तुम्ही पहिले येऊन बसलात तर खिडकी तुमची, आणि सकाळही तुमचीच गेली.

आणि सवारी काय कमी नाकारते? आपण स्टँडवर गेलो की पहिल्याला भाव विचारतो, दुसऱ्याकडे जातो, तिसऱ्याला पहिल्याचा भाव दहा रुपये कमी करून सांगतो. कोणाची सीट फाटकी, कोणाचं गाणं मोठं, कोणाच्या तोंडाला वास. हा आपला चोखंदळपणा. त्याने तेच केलं की मुजोरी. मुंबईत १२ ऑगस्ट २०१० ला तर प्रवाशांनी ठरवून ‘मीटर जॅम’ केलं होतं: आज दिवसभर एकाही रिक्षा-टॅक्सीत बसायचं नाही. रोजच्या नकारांना एका दिवसाच्या नकाराने उत्तर. दुसऱ्या दिवशी सगळे पुन्हा नाक्यावर हात वर करून उभे.

ॲप आल्यावर वाटलं, आता यंत्र मध्ये आहे, भानगड मिटली. माझा भाचा पुण्याला असतो, त्याच्याकडे गेल्यावर मी ही सुधारणा जवळून पाहिली. मोबाइलवर गाडी दिसते, चालकाचं नाव दिसतं, तो चार मिनिटांत येतो असंही दिसतं. मग फोन येतो. ‘‘कुठे जायचंय? कॅश की ऑनलाइन?’’ उत्तर ऐकून शांतता. नकाशावरची गाडी जागच्या जागी गोल फिरते, उलट दिशेला निघते, आणि थोड्या वेळाने आपणच कंटाळून बुकिंग रद्द करतो. म्हणजे फुलचूरचाच प्रकार पहिला: नकार तुमचा, तो मोकळा. सरकारने यावरही नियम केले. केंद्राच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत सबळ कारणाविना फेरी रद्द करणाऱ्याला भाड्याच्या १० टक्के, जास्तीत जास्त १०० रुपये दंड सांगितला, चालकालाही आणि प्रवाशालाही. यातली एक गोष्ट मला पटली: दोघांनाही. लंडनची काळी टॅक्सी तर जगात नावाजलेली, पण तिच्या चालकालाही मर्यादा आहे. सवारी १२ मैलांच्या आतली असेल तर कारणाशिवाय नाकारता येत नाही. त्यापुढे त्याची मर्जी. म्हणजे वापसीचं दुखणं लंडनलाही आहे. फक्त तिथे ते मैलांत मोजून ठेवलं आहे.

एवढ्यावर मी ऑटोवाल्यांच्या बाजूने निकाल देऊन मोकळा झालो असतो. त्याला बळ देणारा एक प्रसंगही मी पाहिला आहे. पावसाळ्याची रात्र, स्टँडवर तीन ऑटो, तिन्ही ‘जेवायला निघालेले’. एक म्हातारी पळत आली. मागे सून, पोटाला हात लावून भिंतीला टेकलेली. म्हातारी एवढंच म्हणाली, ‘‘गंगाबाईले जायचं हाय.’’ बाई गंगाबाई म्हणजे गोंदियातलं बायकांचं सरकारी रुग्णालय. भाव नाही, वापसी नाही, आभाळाकडे बघणं नाही. तीनही इंजिनं एकदम सुरू झाली. एकाने मागची सीट शर्टाच्या बाहीने पुसली, दुसऱ्याने म्हातारीची पिशवी उचलली. जो निघाला त्याच्या तोंडात खर्रा होता. तो त्याने थुंकून टाकला. आमच्याकडे याहून मोठा त्याग नाही.

पण चांगुलपणावर सगळं सोडता येत नाही. गाडीवाल्याच्या मर्जीचं दुसरं टोक बाबासाहेबांनी लिहून ठेवलं आहे. १९०१ साली लहान भीमराव भाऊ आणि भाच्यांबरोबर मसूर स्टेशनवर उतरले, वडिलांकडे जायला. मुलं महार आहेत कळताच एकही बैलगाडीवाला न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाड्यावर एक जण कबूल झाला, तोही या अटीवर की गाडी पोरांनी हाकायची. तो बाजूने चालणार. पुढे १९२९ साली ते सरकारी समितीचे सदस्य म्हणून चाळीसगावला गेले, तोवर बॅरिस्टर झालेले. टांगेवाल्यांनी त्यांचा टांगा हाकायला नकार दिला. तोड निघाली: टांगा भाड्याने घ्या, हाकणारा तुमचा आणा. हाकणारा बिचारा नवखा. पुलावर टांगा अडकला, बाबासाहेब फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. पुढे याच बाबासाहेबांनी १९५४ साली भंडाऱ्याची लोकसभा पोटनिवडणूक लढवली. आपला गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होता, वेगळा झाला १ मे १९९९ ला. त्यामुळे चाळीसगावची गोष्ट लांबच्या गावची म्हणून झटकण्याची सोय आपल्याला नाही.

मसूरच्या गाडीवानाला वापसीची चिंता नव्हती. त्याला दुप्पट पैसे मिळत होते आणि तो ते घेतही होता. त्याने रस्ता नाकारला नाही, माणूस नाकारला. सगळा फरक इथे आहे, आणि कलम १७८ ने धरायला हवा तो हाच फरक.

म्हणून माझा निकाल असा. ऑटोवाल्याला रस्ता नाकारू द्या: फार लांब आहे, परवाना नाही, चार्जिंग संपलं, आठ जण मावत नाहीत, रोवणी आहे. ही कारणं तोंडाने सांगावीत, आभाळाकडे बघून नाही. रात्रीच्या वापसीचे पैसे सवारीने आधीच कबूल करावेत, कारण ते रास्तच आहेत. पण जात, धर्म, कपडे, भाषा, आजारपण, आंधळ्याची काठी किंवा रात्री एकटी उभी बाई बघून कोणी गाडी पुढे काढली, तर तो गुन्हा आहे आणि त्याची किंमत ५० रुपये असणं ही त्याहून मोठी लाज आहे. तो आकडा बदलायला हवा. तोवर तुम्ही एवढं करा: भाव घासाघीस न करता ठरवा, सामान खरं सांगा, पोरं मोजा. आणि माणूस बघून कोणी नकार दिला, तर एमएच ३५ च्या पुढचा नंबर नीट लिहून घ्या आणि तक्रार करा. आरटीओपर्यंत चालत जावं लागलं तरी जा.