संगणकाचे सावकाश उठणे

डेस्कटॉप संगणक सुरू व्हायला वेळ घेत असेल, तर तो वेळ नेमका कुठे जातो हे आधी घड्याळ लावून पाहावे. पनवेलच्या तहसील कचेरीच्या आसपासच्या झेरॉक्स दुकानांत निदान मोजमापाआधीच तयार असते: ‘व्हायरस असणार.’ उपचारही ठरलेला, राइट क्लिक करून ‘रिफ्रेश’ दाबत राहणे. त्याने पडद्यावरची चिन्हे पुन्हा रेखाटली जातात, वेग तसूभरही वाढत नाही. सातबाऱ्यासाठी खोळंबलेल्या गिऱ्हाइकाला मात्र काहीतरी चालले आहे असा धीर येतो.

विंडोजचे चिन्ह दिसण्याआधीच मिनिटभर गेले, तर विंडोजला बोल लावू नये. मदरबोर्डवरची ३ व्होल्टची सीआर२०३२ ही गोल बॅटरी संपली की संगणक तारीख विसरतो, आणि पुष्कळदा कोणी एफ१ दाबेपर्यंत हटून बसतो. मागे खोचून राहिलेला पेनड्राइव्हही कारण असू शकतो. त्यात विंडोज आहे का, हे संगणक इमानाने शोधत राहतो.

बहुतेकांची रखडपट्टी पासवर्डनंतरची असते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि ‘स्टार्टअप’चे पान पाहावे. प्रिंटरचा मदतनीस, लॉकडाउनमध्ये घेतलेला व्हिडिओ कॉलचा प्रोग्रॅम, कशाकशाचे अपडेटर, एकमेकांवर पाळत ठेवणारे दोन अँटिव्हायरस! पनवेलला लोकल पुरती थांबण्याआधी खिडकीसाठी उड्या पडतात, तसे हे सगळे पहिल्याच क्षणी आत घुसतात. फरक इतकाच, की यांतल्या बहुतेकांना कुठे जायचेच नसते. ‘डिसेबल’ केल्याने प्रोग्रॅम पुसला जात नाही, बोलावल्यावर येतो. अँटिव्हायरस एकच ठेवावा.

विंडोज स्वतःच्या उशिराची नोंद इव्हेंट व्ह्यूअरमध्ये १०० क्रमांकाखाली मिलिसेकंदांत ठेवते. इतका प्रामाणिक गुन्हेगार सहसा सापडत नाही.

२०१२च्या विंडोज ८पासून ‘फास्ट स्टार्टअप’ आले. त्यात ‘शट डाउन’ म्हटल्यावर विंडोजचा गाभा बंद न होता डिस्कवर जपून ठेवला जातो. म्हणून रोज रात्री बंद होणारा संगणकही टास्क मॅनेजरमध्ये कित्येक दिवस सलग जागा दिसतो. खरी झाडलोट ‘रिस्टार्ट’नेच होते, बिघाड वाटल्यास आधी तेच करावे. बोर्डाचे बटण खटकन बंद करणे हा तिसरा मार्ग पावसाळ्यात वीज कंपनी आपणहून अवलंबते, आणि पुढच्या वेळी डिस्क तपासण्यात बराच वेळ जाऊ शकतो.

एवढे करूनही टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्क्यांवरच अडली, तर दुखण्याचे मूळ हार्ड डिस्कमध्ये आहे. तिची तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरते, आणि हव्या त्या जागी पोचायला तिला १० मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. सुरुवातीला हजारो बारीकसारीक फाइली वाचायच्या असल्याने हे थेंब साचून मिनिटे होतात. तिच्या जागी बसवता येणाऱ्या एसएसडीत फिरणारे काहीच नाही. तिला साधारण ०.१ मिलिसेकंद पुरतो. दसऱ्याला हळदकुंकू मात्र मॉनिटरला मिळते, ज्याचा या उशिराशी सुतराम संबंध नसतो.

डिस्क टकटक वाजत असेल तर वेगाचा विचार सोडून आधी बॅकअप घ्यावा. एरवी जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत एसएसडीवर उतरवता येते. जुनी डिस्क आत राहू दिली, तर बायोसमधल्या बूटच्या क्रमात पहिला मान एसएसडीला द्यावा. नाहीतर संगणक सवयीने जुन्याच डिस्कवरून उठतो, आणि ‘एसएसडीने काही होत नाही’ हे मत जुन्या पनवेलपासून नव्या पनवेलपर्यंत पसरते.