वर्तुळांचा सातबारा

काटोल रोडने नागपूर मागे टाकलं की जुनापाणी लागतं. तिथे काळ्या दगडांची सुमारे तीनशे वर्तुळं आहेत. माणूस गेला की त्याला पुरायचं, शेजारी त्याची भांडी आणि लोखंडी हत्यारं ठेवायची, वर मुरूम-गोटे भरायचे आणि भोवती मोठाल्या दगडांचं कडं लावायचं, अशी ही अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीची रीत. नागपूर नावाचं गावही तेव्हा नव्हतं. रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने 1867 मध्ये इथे खोदलं. त्यात मिळालेल्या काही वस्तू आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. पुढे 1961 च्या सुमारास बी. के. थापर यांनी शास्त्रीय उत्खनन केलं. आपल्या शहरातल्या किती मुलांनी हे ठिकाण पाहिलं आहे? शाळेची सहल फुटाळ्याला जाते, अंबाझरीला जाते, जुनापाणीला जात नाही.

आणि जुनापाणी एकटं नाही. माहूरझरी, टाकळघाट-खापा, नायकुंड, रायपूर-हिंगणा, बोरगाव, भागीमोहारी. नागपूर जिल्हा अशा वर्तुळांनी भरलेला आहे. माहूरझरीत माणसांबरोबर घोडे पुरलेले सापडले, त्यांच्या तोंडावर चढवायच्या तांब्याच्या दागिन्यांसकट. तिथल्या कारागिरांचे अकीक आणि कार्नेलियनचे मणी तर आजही पाहत राहावेत इतके सुबक आहेत. पारशिवनी तालुक्यातल्या नायकुंडला लोखंड वितळवायची भट्टी निघाली, सुमारे 2700 वर्षांपूर्वीची. गडचिरोलीला स्टील हब करण्याच्या घोषणा आपण रोज ऐकतो. विदर्भातल्या प्राचीन लोहारांची भट्टी नागपूरपासून तासाभराच्या अंतरावर सापडली, हे त्या भाषणांत कधी येत नाही. आलं पाहिजे.

आता मुद्दा जमिनीचा. या लोकांनी आपले मृत सुपीक काळ्या मातीत पुरले नाहीत. ती पेरायला ठेवली आणि दफनासाठी मुरमाड, खडकाळ, उंचवट्याची जागा निवडली. म्हणूनच वर्तुळं टिकली, कारण तिथे नांगर गेला नाही. पण शेतीला निरुपयोगी म्हणून सुटलेल्या अशाच जमिनी पुढे मोठ्या प्रमाणावर सरकारच्या नावे लागल्या. कुठे गायरान, कुठे वनखातं, कुठे आपल्या पूर्व विदर्भातलं ते खास ‘झुडपी जंगल’, म्हणजे खुरट्या झुडपांचा माळ. सरकारी जमीन ही वर्तुळांना लाभलेली सर्वांत सुरक्षित जागा आहे, जोवर ती कोणाला नको असते तोवर. एकदा का तिची गरज पडली, की तीच सर्वांत धोक्याची. खाजगी शेत घ्यायचं तर मोबदला, वाटाघाटी, कोर्टकचेरी, शेतकऱ्याचं उपोषण. सरकारी माळ एका खात्याकडून दुसऱ्या खात्याकडे द्यायला फाईल पुरते. रस्त्याला मुरूम हवा, सबस्टेशनला जागा हवी, एमआयडीसीला विस्तार हवा. त्यात दगडांचं कडं जेसीबीच्या एका दिवसाचं काम, आणि ते दगड पायाभरणीला फुकट मिळतात.

कायदा नाही असं नाही. केंद्राचा 1958 चा कायदा आहे, राज्याचा 1960 चा आहे. केंद्र संरक्षित स्थळाभोवती 100 मीटर बांधकामाला बंदी आणि पुढच्या 200 मीटरमध्ये परवानगीशिवाय काही नाही, अशी दुरुस्ती 2010 मध्ये झाली. स्मारकाची नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. पण हे अंतर मोजायचं कुठून? किल्ल्याला तट असतो, देवळाला भिंत असते. विखुरलेल्या तीनशे वर्तुळांची सीमा जमिनीवर खुणा करून आणि नकाशावर उतरवूनच ठरते. तशी ती ठरली नाही तर काय होतं ते कॅगने 2013 च्या अहवालात सांगितलं आहे: देशभरातली 1,655 संरक्षित स्मारकं प्रत्यक्ष जाऊन पाहिली, त्यांतली 92 सापडली नाहीत. ही काही खिशात घालून नेण्याजोगी वस्तू नव्हे. त्यांतल्या काहींच्या जागी दुसरं काहीतरी उभं राहिलं आणि ते उभं राहताना कुठल्या ना कुठल्या कागदावर सही झालीच असणार.

याउलट सैन्याचं उदाहरण घ्या. सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. नोव्हेंबर 1817 मध्ये भोसल्यांची आणि इंग्रजांची लढाई झाली ती टेकडी आज बर्डीच्या ऐन बाजारपेठेत आहे, जिथे फूटभर जागेला सोन्याचा भाव. तरी ती शाबूत आहे, कारण मालक एक आहे आणि तो जागा सोडत नाही. वर्षातल्या मोजक्या राष्ट्रीय दिवशी किल्ला उघडतो आणि नागपूरकर लेकराबाळांसह चढून जातात. लोकांना आस्था नसते ही तक्रार मला म्हणूनच पटत नाही. कस्तुरचंद पार्कात 2018 मध्ये खोदकाम करताना जुन्या तोफा निघाल्या तेव्हा बघायला केवढी गर्दी लोटली होती! शहराच्या मध्यावरच्या मैदानाच्या पोटात जर हे होतं, तर ज्या माळावर कोणी फावडंही मारलेलं नाही तिथे काय काय असेल?

किल्ल्यांच्या पाठीशी लोक आहेत. 2019 मध्ये काही किल्ले हॉटेलांसाठी भाड्याने देण्याची बातमी आली आणि राज्यभर संतापाची लाट उसळली. सरकारला खुलासे करावे लागले. जुलै 2025 मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, त्याचा आनंद आपण सगळ्यांनी केला. वर्तुळांमागे कोणी नाही. त्यांत निजलेल्यांच्या राजाचं नाव आपल्याला माहीत नाही, भाषा माहीत नाही, जात माहीत नाही. त्यांच्यासाठी मोर्चा निघणार नाही. म्हणून त्यांची बाजू कागदालाच घ्यावी लागेल.

कुठला कागद? सातबारा. शेतकऱ्याने सोसायटीचं कर्ज काढलं तर इतर हक्कांच्या रकान्यात बोजा चढतो, मग त्या नोंदीकडे डोळेझाक करून जमीन विकता येत नाही. ज्या खसऱ्यात एकही वर्तुळ आहे, त्याच्या इतर हक्कांत ‘पुरातत्त्वीय स्थळ’ अशी नोंद असलीच पाहिजे आणि नसेल तिथे पटवाऱ्याने ती याच वर्षी चढवली पाहिजे. मग जमीन कोणत्याही खात्याला द्यायची असो, फाईल त्या ओळीपाशी थांबेल. याला निधी लागत नाही, नवा कायदाही लागत नाही.

आणि वेळ आत्ताची आहे. झुडपी जंगल ही वनजमीनच, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये दिला. पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत अशी सुमारे 86 हजार हेक्टर जमीन आहे आणि तिची छाननी आता गावोगाव व्हायचीच आहे. महसुलाचा माणूस शिवारात जाणारच आहे, वनखात्याचा जाणारच आहे. त्यांच्यासोबत पुरातत्त्वाचा एक जाणकार द्या. नागपूर विद्यापीठात प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व हा विभाग आहे, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं मंडळ कार्यालय नागपुरातच आहे. विद्यार्थ्यांना जीपीएस देऊन माळावर पाठवा. एका उन्हाळ्यात जिल्ह्याची यादी तयार होईल.

डिसेंबरात हिवाळी अधिवेशन भरतं, सगळं मंत्रिमंडळ इथे मुक्कामी असतं. विदर्भातल्या आमदारांनी महसूलमंत्र्यांना एवढाच तारांकित प्रश्न विचारावा: नागपूर जिल्ह्यातली किती शिळावर्तुळं सरकारी जमिनीवर आहेत, त्यांचे खसरा क्रमांक काय, आणि त्यांपैकी किती सातबाऱ्यांवर तशी नोंद आहे? उत्तर आकड्यात द्यावं.