लहान देशाचा फॉरवर्ड

मोठ्या देशाचा फॉरवर्ड ओळखायला सोपा असतो. चेंडू आला नाही की तो हात पसरतो, आलेला चेंडू बाहेर गेला की गवताकडे रागाने बघतो. लहान देशाच्या फॉरवर्डला ही चैन परवडत नाही. हात पसरायचे तरी कुणासमोर? त्याचे दहाही सहकारी चाळीस यार्ड मागे, आपल्याच पेनल्टी बॉक्समध्ये दाटीवाटीने उभे. हा मध्यरेषेपाशी एकटा, आणि सोबतीला प्रतिस्पर्ध्यांचे दोन धिप्पाड सेंटर-बॅक. तिघांनाही काम नाही. अधूनमधून मागून कुणीतरी जिवाच्या आकांताने चेंडू भिरकावतो. तो पास नसतो, ती सुटका असते. त्यामागे ऊर फुटेस्तोवर धावायचं आणि परत येऊन उभं राहायचं, हीच नोकरी.

या जातीचा अस्सल नमुना म्हणजे लाटव्हियाचा मारिस व्हर्पाकोव्हस्किस. जन्म १९७९चा, बाल्टिक किनाऱ्यावरच्या लिएपायातला. तिथल्या क्लबचं नावच मेटालुर्ग्स, कारण पाठीशी पोलादाचा कारखाना. त्या वेळी देशाची वस्ती २३ लाखांच्या आसपास, आणि त्यांचंही पहिलं प्रेम आइस हॉकीवर. फुटबॉलमध्ये नाव होतं ते साउदॅम्प्टनकडून इंग्लंड गाजवणाऱ्या मरियान्स पाहार्सचं. पण त्याला दुखापतींनी गाठलं होतं. तेव्हा काय घडवायचं ते या बुटक्या, चपळ गड्यानेच घडवायचं होतं.

आणि त्याने घडवलं. ऑक्टोबर २००३मध्ये स्वीडनमध्ये जाऊन स्वीडनला १-० हरवलं, गोल व्हर्पाकोव्हस्किसचा. या विजयाने युरोच्या, म्हणजे युरोपीय देशांच्या अजिंक्यपद स्पर्धेच्या, प्ले-ऑफची दारं उघडली आणि समोर आला तुर्कस्तान, म्हणजे आदल्याच वर्षी विश्वचषकात तिसरा आलेला संघ. रीगात १-०, गोल पुन्हा याचाच. परतीच्या सामन्यात इस्तंबूलला तुर्की संघ २-० पुढे गेला आणि यजमानांच्या लेखी हिशोब मिटला. मग लाटव्हियाच्या लाइझान्सने एक फेडला आणि बारा-एक मिनिटं उरलेली असताना आमचा एकलकोंडा धावत सुटला तो थेट गोल करूनच थांबला. २-२. बाल्टिक देशांपैकी कुणीही युरोला पोचलं नव्हतं, ते लाटव्हिया पोचलं. प्रशिक्षक स्टार्कोव्ह्सची युक्ती एका ओळीची होती: सगळ्यांनी मागे थांबायचं, एकाने पुढे धावायचं. एका ओळीच्या युक्त्यांना विद्वान हसतात. तुर्की बचावफळीला त्या दिवशी हसू आलं नसावं.

२००४चा युरो पोर्तुगालमध्ये. लाटव्हियाच्या गटात चेक प्रजासत्ताक, जर्मनी आणि नेदरलँड्स. सोडतीला थोडी तरी माणुसकी असायला हरकत नव्हती. पहिल्या सामन्यात मध्यंतर होता होता डावीकडून प्रोहोरेन्कोव्ह्सने चेंडू आत ढकलला आणि व्हर्पाकोव्हस्किसने तो चेक गोलरक्षक पेत्र चेकच्या जाळ्यात घातला. मध्यंतराला लाटव्हिया १-० पुढे! पंधरा मिनिटं तरी कुणी घड्याळाचा काटा धरून ठेवायला हवा होता. शेवटी चेक २-१ने जिंकले. पुढे जर्मनीशी ०-०. त्यात या गड्याने एकट्यानेच मध्यापासून मुसंडी मारून जर्मन गोलरक्षक ऑलिव्हर कानला कामाला लावलं. नेदरलँड्सने मात्र तीन गोल घालून रीतसर निरोप दिला.

दरम्यान कीव्हच्या डायनामोने त्याला उचललं होतं. आता हाल संपले, असं आपल्याला वाटतं. माझ्या मते खरे हाल तिथेच सुरू झाले. डायनामो हा आपल्या लीगमधला बडा जमीनदार. चेंडू कायम त्यांच्याचकडे आणि समोरचे संघ आपल्या बॉक्समध्ये दाटीवाटीने उभे. म्हणजे आता प्रतिस्पर्धीच लाटव्हिया झाले! मोकळ्या मैदानात पळण्यात ज्याची हयात गेली, त्याला पळायला जागाच उरली नाही. हा माझा तर्क. कीव्हचे लोक अर्थात दुसरं काही सांगतील.

मग क्लबने त्याला लोनवर धाडायला सुरुवात केली. शेजारी उसनं नेलेलं पातेलं जसं घरोघर फिरतं, तसा तो फिरला: माद्रिदजवळचं खेताफे, क्रोएशियात स्प्लिटचा हायदुक, स्पेनमध्येच वीगोचा सेल्टा. डायनामो सुटल्यावर क्रीट बेटावर एर्गोटेलिस, त्यानंतर कॅस्पियनकाठचं बाकू. भूगोलाच्या शिक्षकाने हेवा करावा असं करिअर.

यातला विनोद असा की देशाचा शर्ट चढवला की हाच माणूस पुन्हा गोल करायचा. १०४ सामने, २९ गोल. लाटव्हियासाठी एवढे कुणीच केलेले नव्हते. मोठ्या देशांत हा आकडा ऐकून लोक चहा ढवळत राहतील. पण जिथे अख्ख्या सामन्यात दोन संधी मिळाल्या तर चंगळ समजतात, तिथल्या २९ गोलांचा भाव वेगळा लावायला हवा.

शेवटी तो लिएपायाला परतला. २०१३मध्ये पोलादाचा कारखाना बुडाला आणि त्याच्यासोबत मेटालुर्ग्सही. पुढच्या वर्षी शहराने नवा क्लब उभा केला. त्यातही तो खेळला, आणि २०१५मध्ये त्या क्लबने लीगही जिंकली.

२००४नंतर लाटव्हिया कुठल्याच मोठ्या स्पर्धेला पोचलेलं नाही. त्यामुळे त्यांच्या क्रीडाप्रेमींना पाठांतर फार सोपं आहे. युरोत देशाचा पहिला गोल कुणाचा? व्हर्पाकोव्हस्किसचा. शेवटचा? त्याचाच. सर्वांत सुंदर? तोही त्याचाच, आणि यावर वाद घालायला दुसरा उमेदवारच नाही.